तठे चारा शे का?

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. २०१४ सालची गोष्ट. आमच्या पांझरेकाठच्या वावरातली बाजरी निघाली होती आणि रिकाम्या वावरात ठेलाऱ्यांच्या, म्हणजे फिरत्या मेंढपाळांच्या, मेंढ्या बसल्या होत्या. मी धुळ्याहून दोन दिवसांसाठी गावी आले होते. सकाळी चहाची किटली घेऊन वावरात गेले, तर त्यांच्यातले नाना बांधावर उकिडवे बसलेले. त्यांचा मोबाईल विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत चार्जिंगला लावलेला, नजर मेंढ्यांवर. चहा देता देता मी आपणहून सांगायला सुरुवात केली. तोवर मला ती खोडच लागली होती. कॉलेजात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, जो सापडेल त्याला मी हिमालय ऐकवत होते. एकोणीस दिवस, पायी, लाहौलमधल्या दारच्यापासून लडाखातल्या लामायुरूपर्यंत, पाच हजार मीटरच्या वरची खिंड. लोक 'बापरे' म्हणायचे आणि मग ठरलेले प्रश्न यायचे. थंडी किती होती? खायचं काय? खर्च किती आला? घरच्यांनी जाऊ कसं दिलं? नाना एकदाही 'बापरे' म्हणाले नाहीत. बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "तठे चारा शे का?"

मी म्हटलं, "नाही हो नाना, सगळे दगडच. झाड म्हणून नाही."

"मंग कसाले गयथी, माय?"

टोमणा नव्हता त्यात. विहिरीला पाणी किती आहे हे ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात विचारलेलं. उत्तरासाठी ते थांबलेही नाहीत. एक शेळी शेजारच्या तुरीत शिरली होती, काठी घेऊन तिच्यामागे गेले. मी हसत किटली उचलली आणि घरी आले. दुपारी बट्टी कुस्करून वरण ओतताना आईला हे सांगितलं, तर तीही हसली. पण तिचं हसू माझ्याआधी थांबलं. "बरोबरच विचारलं की त्यानं," म्हणाली आणि तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली.

तेव्हापासून तो प्रश्न चपलेत शिरलेल्या खड्यासारखा माझ्यासोबत आहे. रोज बोचत नाही. पण ट्रेकचे फोटो कुणाला दाखवायला घेतले की हमखास बोचतो. दुसऱ्या कुणी विचारला असता तर कधीच झटकून टाकला असता. पण विचारणारे नाना होते. पावसाळ्याचे चार महिने साक्रीकडच्या आपल्या गावी, उरलेले आठ महिने वाटेवर, असं ज्यांचं आयुष्य गेलं. घोड्याच्या पाठीवर उलटी बांधलेली खाट, तिच्या पायांच्या मध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, काल जन्मलेली कोकरं, कधी एखादं तान्हं पोर. लहानपणी ही वरात गावात शिरताना दिसली की आम्ही पोरं वेशीपर्यंत धावायचो. एकदा मी बसून हिशेब केला होता. रोजचे आठ किलोमीटर धरले, वर्षाचे आठ महिने, आणि दहाव्या वर्षापासून साठ वर्षं. एक लाखाच्या वर गेला आकडा. पृथ्वीला जवळजवळ तीन फेऱ्या! आणि ह्या माणसाला मी बांधावर बसून 'मी एकोणीस दिवस चालले' हे सांगत होते.

तसं चालणं आमच्या मुलखाला नवं नाही. चैत्रात खान्देशातल्या वाटा वणीच्या गडाकडे वाहायला लागतात. भगवे झेंडे, टेम्पोवर भोंगे, डोक्याला ओलं उपरणं, डांबरावर अनवाणी पाय. माझ्या धाकट्या भावाच्या दुखण्यात आईनं नवस बोलला होता, तो फेडायला ती चार दिवस चालत गडावर गेली होती. परत आली तेव्हा तिच्या तळपायांची कातडी पापडासारखी निघत होती आणि ती पाय कोमट पाण्यात घालून शांत बसली होती. कुणी तिला 'बापरे' म्हटलं नाही. तिनंही कुणाला किलोमीटर सांगितले नाहीत. मुक्ताईची पालखी तर थेट तापीकाठावरून पंढरपूरला निघते, महिनाभर चालते. तिकडे नंदुरबारच्या बाजूला धनत्रयोदशीच्या सुमाराला हजारो आदिवासी अस्तंब्याचा डोंगर चढतात. अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत सातपुड्यात अजून हिंडतो म्हणतात, त्याच्या भेटीला. म्हणजे आमच्याकडे चालणाऱ्याच्या पुढे कुणीतरी असतं. आई असते, विठ्ठल असतो, अश्वत्थामा असतो. नाहीतर मग चारा असतो. 'कुठे निघाले?' ह्या प्रश्नाला 'असंच, चालायला' हे उत्तर दिलं तर समोरचा माणूस काळजीनं बघतो.

मी असंच, चालायला गेले होते.

आता तयारीचं सांगायला हसू येतं. धुळं समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवर, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात. तशात मी पहाटे उठून पाठीवरच्या सॅकमध्ये आठ किलो गहू भरून लळिंगचा किल्ला चढायचे. वर गेलं की महामार्गावरचे ट्रक मुंग्यांएवढे दिसायचे आणि माझी छाती फुलायची. ह्या चढाईचा हिमालयात उपयोग झाला का, तर मांड्यांना झाला, फुप्फुसांना अजिबात नाही. अटल बोगदा तेव्हा व्हायचा होता. रोहतांगच्या चिखलात चार तास अडकून आम्ही पाच जण दारच्याला पोहोचलो, आणि दुसऱ्या दिवसापासून घोडेवाल्यामागे चालायला लागलो. तो खिंडीपलीकडच्या झांस्कर खोऱ्यातलाच होता. सहा घोडी, एक शिंगरू आणि एक शीळ, एवढ्यावर त्याचा सगळा कारभार. शीळ बदलली की घोडी वळायची. माणसांसाठी त्याच्याकडे एकच हिंदी वाक्य होतं, "आराम से, मॅडमजी."

तिसऱ्या रात्री रामजाकला माझं डोकं असं दुखायला लागलं की कुणीतरी कानशिलात खुंटी ठोकतंय. तंबूच्या कापडावर पावसाचा बारीक चुरचुराट, खाली ओढ्याचा अखंड आवाज, नाकात ओल्या मोज्यांचा आणि रॉकेलचा वास. जेवण बघितलं की पोटात ढवळायचं. घोडेवाल्यानं लसूण ठेचून उकळलेलं पाणी आणून दिलं आणि मी ते पिईपर्यंत तिथेच बसून राहिला. पहाटे जरा उतार पडला. तंबूची चेन उघडली तर समोरचा अख्खा उतार सोनेरी झाला होता. मी पाय बाहेर न काढताच दोन-तीन फोटो काढले. त्यातलाच एक फोटो पुढे दहा वर्षं माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर होता. वर बर्फाची धार, खाली करडा-हिरवा उतार, कोपऱ्यात पांढरट दगडांचा सडा.

शिंगो-ला ही ती खिंड, ५०९१ मीटर. तिथे हवेतला ऑक्सिजन आपल्याकडच्या निम्म्यावर येतो. हे वाचलेलं असतं, पण वाचणं वेगळं आणि दहा पावलं टाकून वाकून उभं राहणं वेगळं. माझ्याआधी गेलेल्यांनी खिंडीवर काय काय वाटलं ते फार सुंदर लिहून ठेवलंय. मला खरं सांगायचं तर लघवीला लागली होती आणि लवकर खाली उतरायचं होतं. पताका वाऱ्यानं फडफडत नव्हत्या, फाटत होत्या. घोडेवाल्यानं "की की सो सो ल्हारग्यालो" अशी आरोळी ठोकली, टोपी काढली, दगडांच्या राशीवर एक दगड ठेवला आणि लगेच घोड्यांचे पट्टे तपासायला वाकला. पलीकडच्या उतारावर बर्फ मऊ पडलेलं. घोडी पोटापर्यंत रुतायची. तो एकेकीला शेपटीला धरून, गळ्याला मिठी मारून, कानात काहीतरी बोलत बाहेर काढायचा. शिंगरू शेवटी राहिलं. ते घाबरून ओरडलं की पलीकडून त्याची आई ओरडायची. माझ्या वर्णनांत हे कधीच येत नसे. माझ्या वर्णनांत 'आम्ही खिंड पार केली' असं यायचं.

उतरल्यावर दुसऱ्या दिवशी गुंबुरांजोन दिसला. सपाट दरीतून एकटाच उभा राहिलेला प्रचंड सुळका. आपल्या मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीला शंभर वर्षं खुराक दिला तर होईल तसा. त्याच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंनी गवत. पावलाच्या उंचीचंच, पण दाट. मधून ओहोळ, काठाला पिवळी-जांभळी फुलं, आणि त्यात याक आणि झो (याक-गाईचा संकर) चरताहेत. जवळच दगडांचे बुटके गोठे आणि झोपडे. ह्याला डोक्सा म्हणतात. उन्हाळ्यात गावातल्या बायका, पोरंसोरं जनावरं घेऊन इथे येऊन राहतात, लोणी आणि चीज करतात आणि हिवाळ्याआधी खाली जातात. एका झोपड्यातून म्हातारी बाहेर आली आणि "जुले, जुले" म्हणत तिनं आम्हांला आत घेतलं. अंधार. धूर. डोळे सरावले तशा काळ्या तुळया दिसल्या, चुलीत जळणाऱ्या याकच्या गोवऱ्या दिसल्या. आणि वास! लोकर, दूध, धूर, शेण, माणूस. मी दारातच थबकले. हा वास मला पाठ होता. नानांच्या पालातला वास होता तो.

आजीला तिकडे आबी म्हणतात. आबीनं खारट चहा दिला आणि लाकडी वाटीत भाजल्या धान्याचं पीठ घालून त्यावर लोण्याचा गोळा ठेवला. बोटांनी मळून खायचं. त्साम्पा. पहिला घास घेतला आणि मी म्हटलं, अरे, हे तर सातूचं पीठ. आमच्याकडे उन्हाळ्यात गूळ-पाणी घालून खातात तेच. मात्र आमच्या सातूत आता गहू आणि डाळंच असतात, सातू फक्त नावापुरता उरलाय. इथे नावही होतं आणि धान्यही होतं. आबीला मी हे सांगायचा प्रयत्न केला. घोडेवाला दुभाष्या. तिला पिठाच्या नात्यात काही रस नव्हता. तिनं विचारलं, तुझ्याकडे जनावरं किती? मी म्हटलं, गावाकडे बैलजोडी आणि एक म्हैस. मग तू इथे आणि म्हशीची धार कोण काढतंय? मी म्हटलं, वहिनी. आबीनं समाधानानं मान हलवली, माझ्या वाटीत आणखी चहा ओतला आणि पुन्हा काहीतरी म्हणाली. घोडेवाला हसला. "पूछती है, वो कब आएगी?"

माझी वहिनी तोवर नाशिकच्या पलीकडे गेलेली नव्हती. अजूनही नाही.

कारग्याक हे त्या खोऱ्यातलं वरचं गाव, चार हजार मीटरच्या आसपास. तिथे सातू पिकतो. आधी विश्वास बसत नाही. सगळीकडे विटकरी, करडे, जांभळे डोंगर, आणि मध्ये हातरुमाल वाळत घातल्यासारखे हिरवे तुकडे. जवळ गेलं की कळतं, वरच्या बर्फाच्या ओढ्यातून पाट काढलाय, त्याला फाटे, फाट्यांना दारं. एक बाई फावड्यानं गवताचं ढेकूळ उचलून एका फाट्याचं तोंड बंद करत होती आणि दुसऱ्याचं उघडत होती. पाणी वळलं, थबकलं, मग कोरड्या मातीत चिर्र करत शिरलं. मी उभी राहून बघतच राहिले. माझे आजोबा पांझरेच्या फडातले. फडाचं पाणी म्हणजे गावाचं पाणी. कुठल्या फडात कुठलं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि पाणी पाटकऱ्यानं सोडायचं. स्वतःचं वावर करपत असलं तरी आजोबा पाटाच्या दाराला हात लावायचे नाहीत. पाटकऱ्याची वाट बघत लिंबाखाली बसून राहायचे. लडाखात ह्या पाटकऱ्याला चुरपोन म्हणतात, त्याचीही पाळी गाव ठरवतं. तीन-चारशे वर्षं चाललेली आमची ही व्यवस्था आता बरीच विस्कटली. विहिरी झाल्या, बोअर झाले, ज्याचं त्याचं बटण ज्याच्या त्याच्या हातात आलं. ती फावडेवाली बाई मात्र वर बघून, हात कपाळाशी नेऊन, कुणाची तरी परवानगी घेतल्यासारखी थांबली आणि मगच तिनं पुढचं दार उघडलं.

आणि घरांची धाबी. हे मला फार उशिरा सुचलं. कारग्याकपासून पुर्नेपर्यंत एकही धाबं असं नव्हतं ज्यावर गवत रचलेलं नाही. पेंढ्या, भारे, काठाकाठानं लावलेल्या गोवऱ्या. वाटेत भेटणाऱ्या निम्म्या बायकांच्या पाठीवर गवत होतं. भारा एवढा मोठा की मागून बघावं तर गवताला पाय फुटलेत असं वाटे. एकीला वाट द्यायला मी कडेला सरकले, तर मणीभिंतीच्या, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंतीच्या, चुकीच्या बाजूला गेले म्हणून तिनं भाऱ्याखालूनच हातवारे करून मला परत वळवलं. भिंत उजव्या हाताला ठेवून चालायचं असतं. सहा-सात महिन्यांच्या हिवाळ्यात जनावरं जगवायची तर उन्हाळाभर दुसरं काय करणार? अख्खं खोरं चारा गोळा करत होतं आणि त्यातून आठवडाभर चालून आलेली मी नानांना सांगत होते, सगळे दगडच. खोटं बोलायचं नव्हतं मला. पण सांगून सांगून माझ्या गोष्टीतून गवत गळून गेलं होतं. दगड, बर्फ आणि मी, एवढंच उरलं होतं.

पुर्नेजवळ कारग्याककडून येणारी नदी साराप नदीला मिळते. तिथून साराप नदीच्या कडेनं वर गेलं की फुगताल. कड्यात एक मोठी गुहा, आणि गुहेच्या तोंडातून मधाच्या पोळ्यासारखा खाली लोंबणारा पांढरा मठ. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे वर्णन करत नाही. मला तिथे जास्त आठवते ती एक लहानशी दगडी पाटी. चोमा द कोरोस नावाचा हंगेरियन माणूस १८२५-२६ साली इथे राहिला होता. १८१९ मध्ये तो घरून निघाला ते आपल्या लोकांचं मूळ शोधायला. हंगेरियनांची भाषा शेजाऱ्यांपैकी कुणाशी जुळत नाही, तेव्हा आपले भाऊबंद पूर्वेला आशियात कुठेतरी असतील, ही त्याची खात्री. बगदाद, तेहरान, बुखारा, काबूल, लाहोर असं करत, बरंचसं पायी, तो १८२२ मध्ये लेहला पोहोचला. भाऊबंद मिळाले नाहीत. मिळाली ती तिबेटी भाषा. झांगला आणि फुगतालच्या थिजवणाऱ्या खोल्यांत लामांजवळ बसून त्यानं शब्द गोळा केले, आणि १८३४ मध्ये त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश कलकत्त्याहून निघाला. १८४२ मध्ये ल्हासाच्या वाटेवर दार्जिलिंगला तापानं गेला. पाटीसमोर उभी असताना मला तो माणूस थोर वाटला. नानांच्या प्रश्नानंतर तो मला जवळचा वाटायला लागला. त्याच्याकडे निदान निघताना उत्तर होतं. कशाला चाललास? तर तिथे माझी माणसं आहेत. ती नसली तर नसली.

पुर्नेला ज्या घरी मुक्काम केला, तिथली बाई माझ्याच वयाची होती. तिची मुलगी मनालीला वसतिगृहात शिकत होती. हिवाळ्यात खिंड बंद, आणि इतर वेळी जाऊन यायला दिवसच्या दिवस चालायचं. लेक तीन वर्षांत घरी आली नव्हती. भिंतीवर तिचा गणवेशातला फोटो होता, त्यावर खाता, म्हणजे पांढरं रेशमी उपरणं, घातलेलं. आमच्याकडे फोटोला हार कधी घालतात ते आठवून माझ्या पोटात गोळाच आला. मग कळलं, खाता हा सन्मानाचा, शुभाचा. रस्ता तेव्हा दोन्ही बाजूंनी सरकत येत होता. दारच्याच्या पुढे काही अंतर झालाच होता, पलीकडे पदुम ह्या झांस्करच्या मुख्य गावाच्या बाजूलाही सुरुंगांचे आवाज येत. आम्हां पाच जणांत त्यावरून रोज हळहळ चालायची. आता ह्या वाटेचं सगळं संपणार, ही शांतता जाणार, वगैरे. त्या रात्री त्या बाईला मी विचारलं, रस्ता आला तर तुम्हांला कसं वाटेल? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी बालिश विचारलंय. "बेटी आएगी," म्हणाली. एवढंच. आणि माझ्या ताटात आणखी वाटाण्याची भाजी वाढली.

त्याच वर्षीच्या शेवटच्या दिवशी फुगतालजवळ दरड कोसळून नदी अडली, आणि २०१५ च्या मे महिन्यात तो बांध फुटला. खालचे पूल वाहून गेले. मी धुळ्यात बसून बातमी वाचत होते. बाहेर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता, आणि आम्ही ओलांडलेला कुठला कुठला पूल गेला असेल ते मी मोजत होते. २०२४ च्या मार्चमध्ये निम्मू-पदुम-दारच्या रस्ता जोडला गेला, २९८ किलोमीटर. जुलैत शिंकू-लाच्या खाली चार किलोमीटरच्या बोगद्याचा पहिला सुरुंगही लागला. शिंकू-ला म्हणजेच आमची शिंगो-ला. जिथे शिंगरू ओरडलं होतं, तिच्या पोटातून गाड्या जातील. मला वाईट वाटलं. मग पुर्नेची ती बाई आठवली आणि वाईट वाटल्याचं वाईट वाटलं. ह्या दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. घालायचा प्रयत्नही मी सोडून दिलाय.

पदुमच्या पुढच्या वाटेबद्दल मी फारसं सांगत नाही, कारण तिथपर्यंत येता येता मी चालायला शिकले होते आणि मग सांगण्यासारखं काही घडेना. हनुमा-ला, लिंगशेड, सिंगे-ला, फोटोक्सर. नावं राहिली. सकाळी चहा, मग घोड्यांच्या घंटा, मग दुपारपर्यंत स्वतःच्याच श्वासाचा आवाज. कधीतरी अचानक लक्षात यायचं की गेला तासभर आपण काहीच विचार केलेला नाही. घरी मी अशी एक मिनिटही नसते. ते नानांना सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं का? कदाचित लगेच कळलं असतं, आणि त्यासाठी एवढं लांब कशाला जायचं, असंही विचारलं असतं.

इकडे आमचाही रस्ता झाला. सुरत-नागपूर महामार्ग चौपदरी झाला तेव्हा कडेचे जुने लिंब गेले आणि मध्ये दुभाजक आला. धुळ्याहून गाव आता तासाच्या आत. दोन वर्षांपूर्वी आईला रात्री छातीत दुखलं तेव्हा ह्याच रस्त्यानं ती वाचली. आणि ह्याच रस्त्यावर नानांच्या कळपातल्या नऊ मेंढ्या एका ट्रकखाली गेल्या. पूर्वी कळप हवा तिथून ओलांडायचा. आता दुभाजकातली फट शोधत दोन-दोन किलोमीटर कडेनं हाकायचा आणि रात्री तीनच्या सुमाराला, वर्दळ कमी असताना, टॉर्च हलवत पलीकडे न्यायचा. कोकरं डांबरावर घाबरून बसून राहतात, उचलूनच न्यावी लागतात. हे नाना तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. ओढ्याला पूर आला होता, असं सांगावं तसं सांगतात.

यंदाही दिवाळीनंतर मेंढ्या आल्या. नाना आता कळपासोबत चालत नाहीत. गुडघे गेले. मुलानं जुना पिकअप घेतलाय, त्यात भांडी, कोकरं आणि नाना. घोडी मात्र एक ठेवलीय, कशासाठी ते कुणी विचारत नाही. मी चहा घेऊन गेले. ते त्याच बांधावर बसले होते, ह्या वेळी खुर्चीवर. प्लास्टिकच्या लाल खुर्चीत मला ते परके वाटले. लॅपटॉपवरचा तो फोटो मी मुद्दाम मोबाईलमध्ये घेऊन गेले होते. म्हटलं, "नाना, तुम्ही मागे विचारलं होतं ना, तठे चारा शे का? मी चुकीचं सांगितलं होतं. बघा."

मोबाईल त्यांनी हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला. बर्फाच्या धारेवरून त्यांची नजर घसरून गेली. अंगठ्यानं फोटो कसा मोठा करायचा ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. डावीकडचा उतार, खालचा ओहोळ, मग कोपरा. कोपऱ्यावर बराच वेळ थांबले.

"ह्या काय शेतस?"

"दगड आहेत नाना. सगळीकडे तसेच पडलेले असतात."

"दगड नहीत," ते म्हणाले. "मेंढ्या शेतस."

मी मोबाईल घेतला. मोठा केला, आणखी मोठा केला. ठिपके फुटून चौकोन चौकोन झाले. दहा वर्षं मी रोज त्या पडद्यासमोर बसून पेपर तपासले होते. घोडेवाल्यानं वाटेत सांगितलंही होतं, चंबा-कांगड्याकडचे गद्दी खिंडी ओलांडून उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन इथवर येतात म्हणून. त्या सकाळी माझं डोकं दुखत होतं. ठिपक्यांची एक ओळ होती, किंचित वाकडी, चढाकडे तोंड केलेली. दगड असे ओळीत पडत नाहीत.

नानांनी मोबाईल माझ्या हातातून परत घेतला. बोटानं ओळ शेवटपर्यंत नेली, आणि ओळीपासून थोडं मागे, एकट्या पडलेल्या एका ठिपक्यावर नख ठेवलं.

"हाई एक मांगे पडेल शे," म्हणाले. "तिना पाय दुखत व्हई."